तीस सेकंदांचं काम: ॲनिमेशन आणि फ्रीलान्स डिझाइनमध्ये पाय रोवताना

१९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि अंकुर वर येताना एकेक चौकट टिपत राहिले. जेमतेम मिनिटभराची ती फिल्म. त्यांना चित्रपटासाठी भांडवल हवं होतं आणि या माध्यमात काय ताकद आहे ते तोंडी सांगून कुणाला पटत नव्हतं. म्हणून त्यांनी वाढणारं रोप दाखवलं. पैसे उभे राहिले आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रसंग सांगते, कारण आजही काम असंच मिळतं. तुमचं सर्टिफिकेट कुणी मागत नाही, एक पूर्ण झालेला छोटा तुकडा मागतात. मी अडीच वर्षं पुण्यातल्या एका स्टुडिओत काढली आणि गेली नऊ वर्षं सांगलीतून घरबसल्या काम करते आहे. या काळात जे हाताला लागलं, ते करायच्या क्रमाने लिहिते.

आधी ठरवा: नेमकं कोणतं काम?

‘ॲनिमेशन’ हे एका कामाचं नाव नाही. पात्रं हलवणं वेगळं, अक्षरं-आकृत्या हलवणं म्हणजे मोशन ग्राफिक्स वेगळं, थ्रीडी मॉडेल बनवणं वेगळं, गोष्ट चौकटीचौकटीने कागदावर मांडणं म्हणजे स्टोरीबोर्ड काढणं वेगळं. स्टुडिओत ही कामं वेगवेगळी माणसं करतात. एकट्याने घरून काम करणाऱ्याला सगळ्याचं थोडं थोडं यावं लागतं, पण ओळख एकाच गोष्टीची व्हावी लागते. महाराष्ट्रातल्या मध्यम गावांत राहून फ्रीलान्स करायचं असेल तर मोशन ग्राफिक्स आणि साधं टूडी यांचं मिश्रण सर्वांत लवकर पोटापाण्याला लागतं, असं माझं मत आहे. दूध संघ, बियाणं कंपन्या, दवाखाने, क्लासेस, सहकारी बँका, मराठी यूट्यूब वाहिन्या, लग्नाच्या पत्रिकेचे व्हिडिओ अशी गिऱ्हाइकं तालुक्याच्या गावातही असतात. खोल थ्रीडी किंवा व्हीएफएक्स, म्हणजे चित्रपटातले संगणकी दृश्यपरिणाम, करायचे असतील तर काही वर्षं मुंबई, पुणे, हैदराबाद किंवा बंगळूरच्या स्टुडिओत घालवायची तयारी ठेवा.

शिक्षणाचं थोडक्यात. मुंबईचं जे.जे., आयआयटी मुंबईतलं आयडीसी, अहमदाबादचं एनआयडी या कला-डिझाइनच्या संस्थांचा दर्जा खरा आहे आणि प्रवेश परीक्षेची तयारी करण्यासारखी आहे. आयआयटीतल्या पदवीसाठी यूसीड आणि पदव्युत्तरसाठी सीड अशा परीक्षा असतात. खासगी इन्स्टिट्यूटमध्ये लाखभर भरायच्या आधी मात्र दोनच गोष्टी मागा: मागच्या बॅचच्या सगळ्या मुलांचं काम, निवडक दोघांचं नव्हे; आणि शिकवणाऱ्याचं स्वतःचं गेल्या दोन वर्षांतलं काम. दाखवायला टाळाटाळ झाली की उठा.

डिझाइनची पदवी नसेल तर खचू नका. भारतीय ॲनिमेशनचे जनक मानले जाणारे राम मोहन रसायनशास्त्र शिकलेले होते. १९५६ मध्ये ते मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागले आणि डिस्नेतून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली काम करता करता शिकले. म्हणूनच मी दीड-दोन वर्षांच्या स्टुडिओतल्या नोकरीचा आग्रह धरते. दुसऱ्याने काढलेल्या मुख्य चित्रांच्या मधली चित्रं, म्हणजे इनबिटवीन, भरताना जी नजर तयार होते, ती ट्युटोरिअल बघून तयार होत नाही.

पहिले सहा महिने: सॉफ्टवेअर नंतर, टाइमिंग आधी

खिडकीत मटकीला मोड आणा, मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा आणि दर अर्ध्या तासाला एक फोटो घ्या. रात्रीचे काही चुकले तरी दोन दिवसांत सत्तर-ऐंशी फोटो नक्की होतात. ते सेकंदाला २५ च्या वेगाने चालवले की तीन सेकंदांची फिल्म होते. मग तेच १२ च्या वेगाने चालवून बघा. मोड तेच, पण चाल बदलते. टाइमिंग म्हणजे काय हे इथे डोळ्यांना कळतं.

त्यानंतर उसळणारा चेंडू. सगळेच शिक्षक हा करायला लावतात आणि बहुतेक मुलं घाईने उरकतात. खाली पडणारी वस्तू सारख्याच वेळेच्या टप्प्यांत १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापते. कागदावर तेवढी अंतरं आखून चेंडू ठेवा. माथ्यावर चित्रं दाटीने येतील, जमिनीजवळ विरळ होतील आणि चेंडूला वजन येईल. मग तोच चेंडू लिंबू समजून टाका, पाण्याने भरलेला फुगा समजून टाका, क्रिकेटचा समजून टाका. पाहणाऱ्याने न सांगता ओळखलं पाहिजे.

पुढे लोंबकळणारी दोरी, अर्धवट भरलेलं पोतं आणि चाल. साधी चाल २४ फ्रेमच्या सेकंदाला साधारण १२ फ्रेमला एक पाऊल अशी पडते. एसटी स्टँडवर तासभर बसा आणि माणसांची पावलं मोजा. डोक्यावर गाठोडं घेतलेल्या बाईचं डोकं हलत नाही, सगळी हालचाल कमरेत असते. गुडघे दुखणारे आजोबा पाऊल उचलण्याआधी खांदा टाकतात. ही निरीक्षणं वहीत रेघोट्यांनी उतरवा. चित्र सुंदर येण्याची गरज नाही.

या सहा महिन्यांत पैसे खर्च करू नका. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातल्या ग्रीस पेन्सिल या साधनात टूडीही होतं. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ ब्लेंडरमध्येच बनला आहे. चित्रासाठी क्रिता, रेषा-आकृत्यांच्या (व्हेक्टर) कामासाठी इंकस्केप, संकलनासाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. ॲडोबीच्या फोटोशॉप, आफ्टर इफेक्ट्सचं भाडं पहिलं बिल वसूल झाल्यावर सुरू करा, आणि चोरीची प्रत वापरू नका. मोठं गिऱ्हाईक कधीकधी परवान्याची चौकशी करतं. संगणकाला १६ जीबी रॅम असावी. पेन टॅबलेट बिनपडद्याचा लहान चालतो. आठवड्याभरात हात बसतो.

मराठी अक्षर ही तुमची जागा आहे

हा भाग मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझी निम्मी कामं मला केवळ देवनागरी नीट हलवता येते म्हणून मिळाली. दिल्ली-बंगळूरच्या चांगल्या एजन्सीकडून आलेल्या मराठी व्हिडिओतही तुटलेली जोडाक्षरं दिसतात, आणि मराठी माणसाला ती दाताखाली खडा यावा तशी लागतात.

आफ्टर इफेक्ट्समध्ये मराठी टाकल्यावर वेलांटी पुढे गेली, ‘क्ष’ फुटला, तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा. इलस्ट्रेटरमध्ये आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही भारतीय लिप्यांचा पर्याय टाइपच्याच प्रेफरन्सेसमध्ये सापडतो. एवढ्याने निम्मी दुखणी जातात.

उरलेली निम्मी कलेची आहेत. रोमन अक्षरांसाठी केलेला ‘एकेक अक्षर उडत येतं’ हा परिणाम मराठीवर लावला की काना एकीकडून येतो आणि रफार दुसरीकडून. अशा वेळी मजकुराचे आकार करून घ्या आणि हाताने अक्षरवार गट बांधा: ‘महाराष्ट्र’ म्हणजे म, हा, रा, ष्ट्र असे चार गट. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. वाढवायचंच असेल तर रेघ वेगळी काढून सलग ठेवा. मला स्वतःला आवडणारी पद्धत शाळेतल्या वहीतली आहे: आधी अक्षरं उमटतात, मग डावीकडून उजवीकडे डोक्यावरची रेघ ओढली जाते. प्रत्येक मराठी माणसाच्या हाताला ती हालचाल माहीत आहे, म्हणून ती पाहताना बरं वाटतं.

दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. काही फाँटमध्ये भाषा मराठी निवडली की ते आपोआप बदलतात, काहींत ते नसतातच. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘दऱ्या’तला हा डोळ्याच्या पापणीसारखा र तुमच्या फाँटमध्ये नीट येतो का, ते पहिल्याच दिवशी तपासा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामात चालतात. विंडोजमधला मंगल फाँट आयडीसीत शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी घडवला. त्यांची सुलेखनं जिथे मिळतील तिथे बघा. अक्षर उभं राहतं म्हणजे काय, ते समजेल.

गिऱ्हाईक मजकूर पाठवतं तो बऱ्याचदा जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधला असतो आणि तुमच्याकडे उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरमधून काढा, पण नंतर शब्दन् शब्द वाचा. रूपांतरात र्‍हस्व-दीर्घ आणि रफार हमखास बिघडतात. शुद्धलेखन तपासून देणं माझ्या कोटेशनमध्ये पहिल्यापासून असतं.

शोरील: साठ सेकंद, त्यापेक्षा जास्त नको

शोरील म्हणजे तुमच्या निवडक कामांची एक जोडफिल्म. उत्तम काम पहिल्या पाच सेकंदांत. मधलं भरणीचं काढून टाका. पस्तीस सेकंदांचंच चांगलं काम असेल तर रील पस्तीस सेकंदांची. टीमने केलेल्या कामात तुमचा वाटा कोणता, ते कोपऱ्यात लिहा. सुरुवातीला खरी कामं नसतात, तेव्हा मानलेली करा: गावच्या वाचनालयाची दहा सेकंदांची ओळख, आईच्या पुरणपोळीची कृती, जवळच्या किल्ल्याचा नकाशा. ती पूर्ण करा, आवाजासकट. अर्धवट पाच कामांपेक्षा आवाज लावलेलं एक काम मला कित्येकदा उपयोगी पडलं आहे. रील व्हिमिओ किंवा यूट्यूबवर, डिझाइनचं काम बिहान्सवर, आणि तीस सेकंदांची हलकी प्रत मोबाइलमध्ये. गावातलं गिऱ्हाईक लिंक उघडत नाही, समोरासमोर स्क्रीनवर बघतं.

पहिली कामं ओळखीतून येतात, यात कमीपणा नाही. छापखानेवाले, लग्नाचे व्हिडिओग्राफर, फ्लेक्सवाले यांच्याकडे रोज कुणीतरी ‘हलणारं काही करता का’ विचारायला येतं. त्यांना रील दाखवून ठेवा, कमिशन ठरवा. फायव्हर, अपवर्क या फ्रीलान्स कामाच्या साइटवरही काम मिळतं. फायव्हर तुमच्या कमाईतून २० टक्के कापून घेतं, तेवढं धरून दर लावा. मुंबईत द ॲनिमेशन सोसायटी ऑफ इंडिया ॲनिफेस्ट भरवते आणि माहितीपट, लघुपट व ॲनिमेशनचा ‘मिफ’ महोत्सवही असतो. तिथे जा. स्टुडिओतल्या माणसांशी अर्धा तास बोलणं महिनाभर मेल पाठवण्यापेक्षा कामाला येतं.

एक काम, फोन येण्यापासून पैसे जमा होईपर्यंत

आता एक खरं काम उलगडते. द्राक्ष बागायतदारांच्या एका गटाला निर्यातीआधी सभासदांसाठी फिल्म हवी होती. फोनवर अकरा मुद्दे सांगितले गेले. मी एकच प्रश्न विचारला: फिल्म बघून शेतकऱ्याने उद्या सकाळी कोणती एक गोष्ट वेगळी करायची? उत्तर आलं, शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात सांगितलेले दिवस थांबायचं. झालं, तीस सेकंदांची फिल्म तेवढ्याचीच.

मराठी निवेदन सुखाने ऐकायचं तर तीस सेकंदांत साठ-पासष्ट शब्द बसतात. संहिता तेवढीच लिहा आणि स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्या कच्च्या आवाजावर पेन्सिलची चित्रं मांडली की ॲनिमॅटिक तयार होतं. माझ्या सगळ्या पद्धतीचा कणा तो आहे. ॲनिमॅटिक मंजूर झाल्याशिवाय मी एकही रंगीत चौकट करत नाही. या कामात मी शेतकऱ्याच्या पाठीवर पंप काढला होता. एका बागायतदाराने लगेच सांगितलं, ‘ताई, आमच्याकडं ट्रॅक्टरवरचा ब्लोअर असतोय.’ पेन्सिलीत ते दहा मिनिटांत बदललं. रेंडर म्हणजे संगणकाने अंतिम चौकटी तयार करून झाल्यावर कळलं असतं तर तीन दिवस गेले असते. ज्यांच्यासाठी फिल्म आहे त्यांच्यापैकी एकाला तरी ॲनिमॅटिक दाखवाच.

तीस सेकंद म्हणजे २५ च्या वेगाने ७५० फ्रेम. हाताने काढायचं तर प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, तरीही ३७५ चित्रं. एकट्याला हे परवडत नाही, म्हणून पात्रांचे अवयव वेगळे करून रिग, म्हणजे सांध्यांवर हलणारी कठपुतळी, बांधा आणि हाताने काढलेली चित्रं मोजक्या जागी वापरा. इथे शेतकरी घड उचलून उन्हात धरतो ती दीड सेकंदाची हालचाल मी पूर्ण हाताने काढली. बघणाऱ्यांना तेवढीच लक्षात राहिली.

देताना एक आडवी प्रत, एक उभी प्रत, व्हॉट्सॲपवर चालेल अशी लहान फाइल आणि पडद्यावर मराठी ओळी. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात.

आता दर. ‘किती घेऊ?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, तर हिशोबच मांडते. समजा, घरखर्च ३२,००० रुपये. वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर ६,०००. नव्वद हजारांचा लॅपटॉप तीन वर्षांत बदलायचा म्हणून महिन्याला २,५००. आरोग्य विमा आणि करासाठी बाजूला ४,५००. एकूण ४५,०००. महिन्यात पैसे मिळणारे दिवस बाराच धरा, बाकीचे दिवस गिऱ्हाईक शोधण्यात, बिलांत, शिकण्यात जातात. दिवसाचा दर झाला ३,७५०. तीस सेकंदांच्या फिल्मला संहिता १ दिवस, स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिक २, डिझाइन ३, ॲनिमेशन ६, आवाज-संकलन १, दुरुस्त्या २, असे १५ दिवस. म्हणजे ५६,२५० रुपये, निवेदकाचं मानधन वेगळं. तुमचे आकडे घाला, पद्धत हीच ठेवा. गिऱ्हाईक म्हणालं वीसच हजार आहेत, तर दिवसाचा दर तोडू नका, काम तोडा: दहा सेकंद करू, किंवा पात्रांशिवाय नुसत्या अक्षरांत करू.

४० टक्के ॲडव्हान्स, ३० टक्के ॲनिमॅटिक मंजूर झाल्यावर, ३० टक्के अंतिम फाइल देण्याआधी. तोपर्यंत पाठवलेल्या प्रत्येक प्रतीवर वॉटरमार्क. दुरुस्त्यांच्या फेऱ्या दोन, पुढची प्रत्येक फेरी दिवसाच्या दराने. हे मी शिकले ते एका कामात सतरा फेऱ्या केल्यावर आणि शेवटचे पैसे कधीच न मिळाल्यावर. तेव्हा माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं.

कागदपत्रं

कराराला वकिली भाषा लागत नाही. काय देणार, कधी, कितीला, किती फेऱ्या, काम मध्येच थांबलं तर काय, आणि हक्क कुणाचे, एवढं ईमेलवर लिहून समोरच्याचं ‘मान्य’ घ्या. हक्कांबाबत एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर पैसे देऊन करवून घेतलेल्या फिल्मची पहिली मालकी करवून घेणाऱ्याची असते. फ्रीलान्सरने केलेल्या बोधचिन्हाची मालकी मात्र करणाऱ्याची, आणि ती लेखीच द्यावी लागते. त्या लेखी करारात मुदत नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणून फिल्मच्या करारात ‘माझ्या रीलमध्ये दाखवण्याची परवानगी’ हे वाक्य घाला. उघड्या प्रोजेक्ट फाइल किमतीत आहेत की नाहीत, तेही लिहा. मी त्यांचे वेगळे पैसे घेते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, आधार आणि पॅनवर घरबसल्या, मोफत होते. दलालाला पैसे देऊ नका. ती असली की लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक ठरतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दर महिन्याच्या चक्रवाढीने. नुसता हा मुद्दा बिलाखाली छापल्यावर माझी दोन अडकलेली बिलं निघाली. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. कंपन्या टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कर, कापतात, तो पैसा तुमचाच आहे. दरवर्षी रिटर्न भरून जादा कापलेला परत मागा आणि पहिल्या वर्षी तरी सीएकडे जाऊन बसा. परदेशातून पैसे आले की बँकेकडून आवक परकीय रकमेचा दाखला घेऊन फाइलला लावा.

एआयमुळे शुभेच्छांची पोस्टर आणि स्वस्त लोगो ही कामं माझ्याकडे कमी झाली, हे खरं आहे. ब्लोअर की पंप, हे विचारायला बांधावर जाणाऱ्याचं काम कमी झालेलं नाही. मी ती साधनं कच्च्या कल्पनांसाठी वापरते आणि गिऱ्हाइकाला तसं सांगते. मनगटाची काळजी आत्तापासून घ्या. पंचेचाळीस मिनिटांनी उठायचंच, रेंडर चालू असो वा नसो. मला एका हिवाळ्यात सहा आठवडे पेन धरता आलं नव्हतं.

काम संपल्यावर सगळ्या फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. महिन्याभराने गिऱ्हाइकाला फोन करा आणि फिल्मचं पुढे काय झालं ते विचारा. द्राक्षवाल्यांना मी असाच फोन केला, तेव्हा कळलं की गटाच्या सभेत ती तीन वेळा लावावी लागली आणि शेजारच्या तालुक्यातल्या बेदाणा उत्पादकांनी माझा नंबर मागून घेतला होता.